ओ येईपर्यंत

माऊस बाजूला ठेव, इग्नात्सी.
कॉफीसुद्धा. काल की-बोर्डवर सांडलीस,
ते 'एम'चं बटण अजून चिकटतंय
आणि आज आपल्याला 'एम' लागणार आहे.

आलेख हिरवा आहे, दिसतंय मला.
पहाटे चारपासून हिरवाच आहे,
आणि चारपासूनच डोंगरापलीकडच्या बंदरात
एकाही बोटीच्या मासळीची नोंद पोचलेली नाही.
हाल्डोरा धक्क्यावर उभी आहे,
ट्रक इंजिन चालू ठेवून तिच्या मागे,
आणि फोनवर ती मला जे बोलली
ते तुझ्या आईसमोर पोलिशमध्येसुद्धा उच्चारू नकोस.

आलेख विचारतो एवढंच : दार आहे का?
आहे म्हटलं की हिरवा होतो, पुढच्या दाराला जातो,
बेल वाजवून पळणाऱ्या पोरासारखा.

काळी खिडकी उघड. लिही :
टेलनेट. त्या यंत्राचं नाव. जागा सोडून पंचवीस.
पंचवीस म्हणजे पत्रांचं दार.
एंटर.

जोडलं गेलं, म्हणतंय.
आणि आता काहीच नाही.
नुसता कर्सर.

नको! हात काढ.
गप्प म्हणजे मेलेलं, असं कुणी शिकवलं तुम्हाला?
आत कुणीतरी उठलंय,
अंधारात चपला चाचपतंय,
आपलं नाव वहीत ताडून बघायचंय त्याला,
आणि वही ज्या कपाटात असायची
ते कपाट गेल्या मंगळवारी कुणीतरी हलवलंय,
न सांगता.
मोज.

अकरा. बारा.
आपला प्रोग्रॅम दहाव्याला फोन ठेवतो.
ते दहा मीच लिहिलेले, सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात.
तेव्हा एक माणूस रेक्याविकला गेला होता,
शुक्रवारी येतो म्हणून,
आणि मी ठरवलं होतं की
यापुढे कुणालाच दहाच्या वर द्यायचे नाहीत.
असू दे ते.
बावीस.
बर्फ काढणारी गाडी चर्चपाशी वळली बघ.
सव्वीस. खुर्ची हलवू नकोस.
एकोणतीस.

दोनशे वीस!
दिली की नाही ओ?

आता हेलो म्हण, एक एल गाळून.
इथे प्रत्येक हुकूम चार अक्षरांत बसवायचा,
काटकसरी माणसांनी बांधलेलं घर आहे हे.
दोनशे पन्नास, म्हणजे : बरं, पुढे?
कुणाकडून, ते सांग. 'एम' जोरात दाब.
दोनशे पन्नास.
कुणाला, ते सांग.
हळू. इथे खोडरबर नाही,
खोडलेलंही कधी कधी
खाडाखोडीसकट तिकडे पोचतं.

मग डेटा. तो म्हणतो, सांगा, ऐकतोय.
बोट तेइस्ता. कॉड अकराशे चाळीस किलो.
हॅडॉक तीनशे दोन.
एक मासा नुसताच 'इतर'.
आता नव्या ओळीवर एकटा पूर्णविराम टाक,
मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही.
तो विसरलास तर यंत्र कान देऊन बसून राहील, बिचारं,
अजून काहीतरी सांगायचं राहिलंय असं धरून.

दोनशे पन्नास. घेतलं त्याने.
क्विट. दोनशे एकवीस.
जाताना निरोपही देतो, बघ,
तुझा हिरवा आलेख कधी दिला आहे का कुणाला?

फोन वाजतोय. हाल्डोराच असणार.
वाजू दे, ती आता ओरडणार नाही,
आणि न ओरडणारी हाल्डोरा मला सकाळी झेपत नाही.

तू ती फाईल उघड. चौथी ओळ.
दहाच्या जागी किती, म्हणतोस?
नियमात पाच मिनिटं आहेत.
हो, पाच. पहिल्या ओ साठी.
माझ्या आधीपासून होती लिहिलेली,
मी वाचली नव्हती.

तीनशे लिही.
थांब, सरक.
ते दहा माझे होते.